माळ्यावरचा व्हिडिओ गेम नव्या टीव्हीला कसा जोडायचा

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून व्हिडिओ गेमचं खोकं खाली येतं, पोरं टीव्हीभोवती जमतात आणि पाच मिनिटांत कुणीतरी विचारतं, "काका, याचं एचडीएमआय कुठाय?" (म्हणजे नव्या टीव्हीत बसणारी चपटी डिजिटल पिन.) मग लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना हातात धरून, भिंतीला चिकटवलेल्या टीव्हीच्या मागे मोबाइलचा टॉर्च मारणं सुरू होतं. शेवटी "बिघडलाय वाटतं" म्हणत खोकं परत माळ्यावर. 'बिघडलेली' म्हणून माझ्याकडे आलेल्या यंत्रांपैकी बरीचशी ठणठणीत निघाली. घोळ होता तो मधल्या जोडणीत, आणि बहुतेक वेळा गरज नसलेली वस्तू आधीच विकत आणलेली असायची. म्हणून हा लेख खर्चाच्या उलट्या क्रमाने लिहिलाय: फुकटचे उपाय आधी, विकतचा डबा शेवटी.

आधी वीज, मग चित्र

टीव्हीकडे जाण्याआधी अडॅप्टर हातात घ्या आणि त्यावरचं बारीक अक्षर वाचा. अमेरिकेतल्या मावशीने आणलेलं यंत्र असेल तर त्यावर 'इनपुट १२० व्होल्ट' एवढंच लिहिलेलं असू शकतं. ते आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातलंत तर चित्राचा प्रश्नच उरणार नाही. '१००-२४०' लिहिलेलं असेल तर बिनधास्त लावा. नुसतं १०० किंवा १२० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. प्लगाचा आकार बदलणारी पन्नास रुपयांची पिन व्होल्टेज बदलत नाही, हे वेगळं सांगतोय कारण तिला घरोघरी 'कन्व्हर्टर' म्हणतात.

अडॅप्टर हरवला असेल तर ड्रॉवरमधला 'बसतोय' तो लावू नका. व्होल्ट जुळले तरी ध्रुव उलटे असू शकतात. सेगाच्या मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मधली पिन ऋण लागते, दुसऱ्या मॉडेलला धन. निन्टेन्डोचा जपानी फॅमिकॉम डीसीवर चालतो, तर त्याच्याच अमेरिकी-युरोपी भावंडाचा, एनईएसचा, मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो. तो फॅमिकॉमला लावला तर खेळ खल्लास. यंत्राच्या पोटाखाली गोल आणि टिंब असं छोटं चित्र छापलेलं असतं, त्यात मधल्या टिंबाशी अधिक आहे की उणे ते बघा. अडॅप्टरवरही तेच चित्र असलं पाहिजे.

जुन्या डब्यावर चालायचं, मग नव्यावर का नाही?

पिक्चर ट्यूबचा टीव्ही स्वभावाने भोळा होता. येईल तो सिग्नल तो जसाच्या तसा काचेवर ओढायचा. आपल्याकडची पाल पद्धत ६२५ रेषांची, सेकंदाला ५० झलकी. झलक म्हणजे पडद्यावर वरून खाली एकदा ओढलेलं चित्र. एका झलकीत विषम रेषा, पुढच्या झलकीत सम. अमेरिका-जपानची एनटीएससी पद्धत ५२५ रेषांची, सेकंदाला साधारण ६० झलकी. जुन्या कॅसेटवाल्या यंत्रांनी यात एक युक्ती केली. सम-विषम आलटून-पालटून न ओढता ती दर झलकीला त्याच त्याच रेषा ओढायची. त्यामुळे चित्र न थरथरता स्थिर दिसायचं. या प्रकाराला २४० पी म्हणतात.

एलईडी टीव्हीला आधी सगळं आकड्यांत बदलावं लागतं, मग स्वतःच्या १०८० किंवा २१६० ओळींवर ताणावं लागतं. त्याला बहुतेकदा २४० पी ओळखता येत नाही. तो त्याला सम-विषमवालं चित्र समजतो आणि दोन झलकी एकमेकींत विणतो. मार खाल्लेला मारिओ लुकलुकतो ना, तो दर दुसऱ्या झलकीला गायब होत असतो. नव्या टीव्हीवर तो कधी कंगव्याच्या दातांसारखा चिरलेला दिसतो, कधी दिसतच नाही. यंत्र बिघडल्याचं ते लक्षण नाही.

आता दोघांची पाठ बघा

यंत्राच्या मागे काय आहे? नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी असलेले 'टीव्ही व्हिडिओ गेम' म्हणजे बहुतेक फॅमिकॉमच्या नकला. त्यांना दोन गोष्टी असतात: अँटेनाची जाडी केबल लागणारं एक भोक, आणि बाजूला रंगीत पिनांची दोन गोल सॉकेट, त्यांना आरसीए म्हणतात. पिवळं चित्राचं, दुसरं आवाजाचं, लाल किंवा पांढरं. प्लेस्टेशनच्या पहिल्या तीन पिढ्यांना मागे सारखंच रुंद, चपटं सॉकेट आहे आणि तिन्हींना तीच केबल चालते. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

टीव्हीच्या मागे चार शक्यता असतात. सगळ्यात सुखाची म्हणजे पिवळा-पांढरा-लाल असे सरळ तीन सॉकेट. दुसरी, पाच सॉकेट: हिरवा, निळा, लाल आणि आवाजाचे दोन. या प्रकाराला कम्पोनंट म्हणतात. यात हिरव्याला बऱ्याचदा अर्धी पिवळी कड असते. म्हणजे पिवळी पिन त्याच हिरव्यात घालायची. तिसरी शक्यता म्हणजे हेडफोनसारखं एकच छोटं भोक, शेजारी 'एव्ही इन' लिहिलेलं. चौथी, यातलं काहीच नाही, फक्त एचडीएमआय. जुनं चित्र एचडीएमआयमध्ये बदलणाऱ्या डब्याची, कन्व्हर्टरची, गरज फक्त या चौथ्या प्रकारात लागते, पण लोक पहिल्या तिन्हींतही तो विकत घेतात.

पिवळी पिन लावताना

सरळ सॉकेट असतील तर रंगाला रंग जोडा. नकली यंत्राला आवाजाचं एकच सॉकेट असतं, ती पिन पांढऱ्यात घाला. आवाज एकाच बाजूने आला तर काळजी करू नका, यंत्रच मोनो आहे. एकाची दोन करणारी वाय-पिन लावली की दोन्ही बाजूंनी येईल. मग रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुटचं बटण दाबून 'एव्ही' निवडा. नव्या स्मार्ट टीव्हीत हे बटण कधी नसतंच. मग होम स्क्रीनवर इनपुटची यादी शोधावी लागते.

हिरव्या-पिवळ्या जोड सॉकेटवर एक गंमत होते. चित्र येतं, पण काळं-पांढरं. टीव्हीने ते कम्पोनंट समजून घेतलेलं असतं आणि हिरव्या वाटेने फक्त उजेड-अंधाराची माहिती उचललेली असते. सोर्सच्या यादीत 'कम्पोनंट' सोडून 'एव्ही' निवडा, रंग परत येतात. तरीही रंग आले नाहीत तर पिक्चर सेटिंगमध्ये 'कलर सिस्टिम' शोधा. 'ऑटो'वरून पाल, मग एनटीएससी असं हाताने बदलून बघा. अमेरिकेतून आलेल्या यंत्राला एनटीएससी लागेल.

छोट्या भोकाचा टीव्ही असेल तर त्याच्यासोबत एक आखूड केबल आलेली असते, एका टोकाला हेडफोनसारखी पण तीन काळ्या कड्यांची पिन, दुसऱ्या टोकाला तीन रंगीत सॉकेट. ही केबल पॅकिंगच्या थर्माकोलबरोबर भंगारात गेलेली असते, हा जवळजवळ निसर्गनियम आहे. बाजारात दिसायला अगदी तशीच मिळते, पण कुठल्या कडीवर चित्र, कुठल्या कडीवर आवाज हे दर कंपनीचं वेगळं. लावल्यावर चित्र काळं आणि स्पीकरमधून 'घर्रर' असा आवाज आला, तर चित्र आवाजाच्या तारेत शिरलंय. पिवळी पिन लाल सॉकेटात, मग पांढऱ्यात घालून बघा. निम्म्या वेळा एवढ्यावर भागतं. जमिनीची (ग्राउंडची) तारच वेगळ्या कडीवर असेल तर मात्र अदलाबदलीने काही होत नाही. मग टीव्हीचं मॉडेल सांगूनच केबल मागवा.

फक्त अँटेनाचं भोक असेल तर

हा प्रकार सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट. यंत्र स्वतःच एक छोटं दूरदर्शन केंद्र असतं, ते एका चॅनेलवर चित्र सोडतं. टीव्हीला अँटेनाचं सॉकेट असेल तर केबल तिथे लावा, कॅसेट घाला, यंत्र चालू करा, आणि मग टीव्हीत चॅनेल शोधायला लावा. शोधताना 'डिजिटल' सोडून 'अॅनालॉग' निवडायला विसरू नका. यंत्र बंद ठेवून शोधलंत तर टीव्हीला फक्त मुंग्या सापडतील. हा मूर्खपणा मी स्वतः केलेला आहे, अर्धा तास.

चित्र आलं पण आवाजाच्या जागी नुसती खरखर, अशी तक्रार नेहमी येते. कारण साधं आहे. आपल्याकडच्या बी-जी पद्धतीत आवाज चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असतो, तर चीनच्या डी-के पद्धतीत ६.५ वर. चीनसाठी बनलेलं यंत्र आवाज तिकडे सोडतं आणि टीव्ही इकडे ऐकत बसतो. मॅन्युअल ट्यूनिंगच्या पानावर 'साउंड सिस्टिम' नावाची ओळ असते, तिथे बी-जी, डी-के, आय असे पर्याय फिरवून बघा.

टीव्हीला अॅनालॉग ट्यूनरच नसेल आणि घरात जुना व्हीसीआर असेल तर त्याला कामाला लावा. गेमची केबल व्हीसीआरच्या अँटेनात घालायची, व्हीसीआरवर चॅनेल लावायचं, आणि त्याची पिवळी-पांढरी पिन टीव्हीला. कॅसेट प्लेअरचा भाग मेलेला असला तरी चालतो, त्याचा ट्यूनर तेवढा जिवंत हवा.

प्लेस्टेशन २

याच्यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडे माळ्यावर सर्वाधिक सापडतं ते हेच. २००० मध्ये जपानात आलेलं हे यंत्र जगभर साडेपंधरा कोटींहून जास्त विकलं गेलं. सोबत मिळणारी पिवळी केबल त्याच्यावर अन्याय करते. पिवळ्या पिनेत रंग आणि उजेड एकाच तारेत कोंबलेले असतात, म्हणून लाल अक्षरांच्या कडा ओघळतात. कम्पोनंट केबल हिरवा-निळा-लाल अशा तीन वेगळ्या तारांतून चित्र नेते. टीव्हीला पाच सॉकेट असतील तर आणखी काही शोधू नका, ही केबल घ्या. प्लेस्टेशन ३ च्या नावाने विकली जाणारीही चालते.

पण क्रम महत्त्वाचा. आधी पिवळी केबलच लावा. डिस्क काढून यंत्र सुरू करा म्हणजे मेनू येईल. 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये 'कम्पोनंट व्हिडिओ आउट' शोधा आणि ते 'आरजीबी'वरून 'वाय सीबी/पीबी सीआर/पीआर'वर आणा. आता बंद करा, केबल बदला, टीव्हीवर कम्पोनंट निवडा. हे न करता थेट केबल बदलली की रंग भलतेच येतात, आणि माणूस केबल परत करायला दुकानात जातो. केबलमध्ये पाच पिना असतात आणि त्यात लाल दोन. एक चित्राची, एक आवाजाची. चुकून अदलाबदल झाली की चित्र हिरवट-निळसर होतं आणि एका बाजूचा आवाज कुरकुरतो.

काही गेम याहून पुढे जातात. ग्रॅन टुरिझ्मो ४ मध्ये ४८० पी आणि १०८० आयचे पर्याय आहेत, गॉड ऑफ वॉरच्या सेटिंगमध्ये प्रोग्रेसिव्ह स्कॅन, म्हणजे ४८० पीच, आहे. 'पी' म्हणजे दर झलकीला सगळ्या रेषा, 'आय' म्हणजे सम-विषम आलटून-पालटून. ४८० पी चालू केल्यावर सम-विषमचा गुंता सुटतो आणि चित्र एकदम निवळतं. हे पर्याय फक्त कम्पोनंटवर मिळतात, पिवळ्या केबलवर ते निवडलेत तर पडदा काळा. उलट पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क याच यंत्रात घातल्या की ते बहुतेक वेळा २४० पी सोडतं, आणि काही टीव्ही कम्पोनंटवर ते घेतच नाहीत. गेम सुरू होताच 'सिग्नल नाही' दिसलं तर त्या डिस्कपुरती पिवळी केबल परत लावा.

टीव्हीला फक्त एचडीएमआय असेल तर प्लेस्टेशन २ च्या मागे थेट बसणारा अंगठ्याएवढा डोंगल मिळतो. तो यंत्राचं कम्पोनंटचंच चित्र घेऊन एचडीएमआयवर टाकतो, त्यामुळे वरचं सेटिंग त्यालाही लागू. पिवळ्या पिनेवाल्या कन्व्हर्टरपेक्षा हा चांगला. तो चित्र मोठं करत नाही, जे आहे तेच पुढे देतो. मोठं करायचं काम टीव्हीचं.

कन्व्हर्टर घ्यायचाच असेल तर

पहिली गोष्ट दिशा. दुकानात दोन जुळे डबे असतात: 'एव्ही टू एचडीएमआय' आणि 'एचडीएमआय टू एव्ही'. रंग तोच, आकार तोच, सॉकेटही तेच, काम उलटं. मी पहिला डबा उलटा आणला होता. दुकानदाराने "दोन्हीकडून चालतो" असं छातीठोकपणे सांगितलं होतं. दोन्हीकडून चालत नाही. लॅमिंग्टन रोडवर घ्या, तापकीर गल्लीत घ्या किंवा ऑनलाइन, आपल्याला पिवळ्या पिनेच्या बाजूला 'इनपुट' आणि एचडीएमआयच्या बाजूला 'आउटपुट' लिहिलेला हवा.

दुसरी, एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना अशी नुसती वायर मिळते, मध्ये डबा नाही, विजेची पिन नाही. ती आपल्या कामाची नाही. पिवळ्या पिनेतलं चित्र लाटांचं, एचडीएमआयमधलं आकड्यांचं. मध्ये बदल करणारी चिप नसेल तर तांबं जोडून काही होत नाही. खऱ्या कन्व्हर्टरला ५ व्होल्टची यूएसबी पिन असते. ती टीव्हीच्या यूएसबीला लावली तरी बऱ्याचदा चालते. चित्र मध्येच जात असेल तर मोबाइलच्या चार्जरला लावा.

स्वस्त डब्याकडून फार आशा ठेवू नका. तो २४० पीला सम-विषमवालं समजतो, ४:३ चं चित्र १६:९ मध्ये फाकवतो आणि वर थोडा उशीर लावतो. त्यावरचं ७२० पी/१०८० पीचं बटण चित्राचा दर्जा वाढवत नाही. तुमच्या टीव्हीवर ज्यात कमी त्रास होतो ते ठेवा.

ज्यांना याचं वेड लागतं त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. ओएसएससी नावाचा डबा रेषा दुप्पट-तिप्पट करून जवळजवळ शून्य उशिराने पुढे पाठवतो, पण तो पिवळी पिन घेत नाही. त्याला कम्पोनंट, व्हीजीए किंवा युरोपातलं स्कार्ट लागतं. रेट्रोटिंकच्या डब्यांत पिवळी पिन घेणारेही आहेत आणि ते २४० पी नीट ओळखतात. किंमत मात्र अशी की घरात खरी सांगता येत नाही. एकाच नकली यंत्रावर महिन्यातून एकदा मारिओ खेळणाऱ्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

थोडी नंतरची यंत्रं

निन्टेन्डो वीला एचडीएमआय नाही. कम्पोनंट केबल किंवा डोंगल लावून त्याच्या स्क्रीन सेटिंगमध्ये ४८० पी निवडा. सुरुवातीच्या एक्सबॉक्स ३६० ला एचडीएमआय नव्हतं, ते २००७ पासून आलं. जुन्या यंत्राच्या कम्पोनंट केबलच्या मुळाशी 'टीव्ही/एचडीटीव्ही' असं बारीक बटण असतं, ते नेमकं चुकीच्या बाजूला असतं. प्लेस्टेशन ३ ला पहिल्यापासून एचडीएमआय आहे, तरी पडदा काळा राहतो, कारण त्याला आधीच्या टीव्हीचं सेटिंग आठवत असतं. बंद असताना, लाल दिवा असेल तेव्हा, पॉवरचं बटण दाबून धरा. एक 'बीप' येईल, तसंच धरून राहा. काही सेकंदांनी दुसरी आली की सोडा. ते नव्या टीव्हीशी पुन्हा ओळख करून घेतं.

चित्र आलं, आता टीव्हीला आवरा

"उडी मारली तरी मारिओ खड्ड्यात पडतो, आपलं वय झालं," असं म्हणणाऱ्यांनी आधी गेम मोड चालू करावा. टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो. काही टीव्हींत बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत १०० मिलिसेकंदांहून जास्त जातात. ६० झलकींच्या गेममध्ये एक झलक साधारण १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे तुम्ही सहा झलकी मागे खेळताय. गेम मोड त्या इनपुटवर असतानाच लावा, कारण अनेक टीव्ही प्रत्येक इनपुटचं सेटिंग वेगळं ठेवतात. काहींत तो मोड 'एव्ही'ला मिळतच नाही, फक्त एचडीएमआयला मिळतो. अशा टीव्हीवर कन्व्हर्टर फायद्याचा ठरू शकतो, हा एवढा अपवाद.

मग अस्पेक्ट रेशो ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, घरातले "पूर्ण स्क्रीन कर ना" म्हणतील, करू नका. फाकवलेला मारिओ बुटका आणि जाडा दिसतो. मोशन स्मूदिंग आणि नॉइज रिडक्शन बंद करा. शार्पनेस खाली आणा, जास्त शार्पनेस पिवळ्या केबलचा सगळा कचरा उजेडात आणतो. आणि सहा फूट मागे बसा. ही चित्रं एकवीस इंची डब्यावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून बघायची म्हणून काढलेली आहेत. पंचावन्न इंचीला नाक लावून ती चांगली दिसणार नाहीत.

आणि ती बंदूक

खोक्यात प्लॅस्टिकची बंदूक हमखास असते आणि पोरांना पहिली तीच हवी असते. ती नव्या टीव्हीवर चालत नाही. केबल बदलून नाही, गेम मोडने नाही, महागड्या डब्यानेही नाही. चाप ओढला की गेम पडदा क्षणभर काळा करतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशाचा डोळा त्याच झलकीत तो चौकोन दिसतोय का ते बघतो. एलईडी टीव्हीवर चौकोन उशिरा उमटतो, तोवर गेमने 'नेम चुकला' असा निकाल दिलेला असतो. शिवाय तो डोळा पिक्चर ट्यूबच्या रेषा ओढण्याच्या लयीतला, सेकंदाला सुमारे पंधरा हजारांचा लुकलुकाट ओळखायला बनवलेला आहे. एलईडीत तो लुकलुकाट नाहीच.

तेव्हा गावच्या घरी, वापरात नसलेल्या खोलीत जुना डबा टीव्ही चादर पांघरून बसला असेल, तर भंगारवाल्याला 'पुढच्या महिन्यात या' असं सांगा. बंदुकीची वायर दोन-अडीच मीटरची असते, त्या हिशेबाने पाट मांडा.